आत्याबाईंचे सात वार

आमच्या आत्याबाई गेल्या वर्षी आषाढी एकादशीनंतर इंदूरच्या एका वृद्धनिवासात राहावयास गेल्या, ही वार्ता आम्ही आप्तेष्टांपासून दोन महिने दडवून ठेवली होती. वस्तुतः दडविण्यासारखे त्यात काही नव्हते. निर्णय त्यांचा स्वतःचा होता, पैसा त्यांच्या निवृत्तिवेतनाचा होता. परंतु राजवाड्यामागील ज्या गल्लीत त्यांचे सारे आयुष्य गेले, तेथे अशा जागेचा अर्थ एकच होतो : भाच्यांनी म्हातारीला बाहेर काढले! आमच्या घरी या, म्हणून आम्ही किती विनविले, हे गल्लीला कोणी सांगावे?

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही भेटीस जातो. आठवड्यातून एकच दिवस जात असलो तरी उरलेल्या सहा वारांचा वृत्तांत आम्हांस तपशीलवार ऐकावा लागतो.

त्यात सोमवारची कथा मोठी. भोजनगृहात एका खिळ्यावर जबलपूरचे लाला रामस्वरूप पंचांग आणि शेजारी आत्याबाईंनी नेऊन टांगलेले कालनिर्णय. हिंदी मंडळींचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. साहजिकच त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतोही. आत्याबाई रुजू झाल्या आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांचे श्रावणी सोमवार सुरू झाले. या मात्र पोळी-भाजी जेवत बसलेल्या! शेजारणींनी नाके मुरडली. पुढे राखी झाली, त्यांचे उपवास सुटले, आणि मराठी पंगतीचे चालूच! स्वयंपाकाचे महाराज गोंधळले. दोन्ही श्रावण धरले तर सहा-सात सोमवार साबूदाणा भिजवावा लागणार. अखेर आत्याबाईंनी दाखला दिला तो थेट उज्जैनचा. महाकालाच्या सवाऱ्या हिंदी श्रावणाबरोबर त्यांच्या भाद्रपदाच्या वद्य पक्षातही निघतात, म्हणजे आपल्या श्रावणअखेरपर्यंत. देव दोन्ही पंचांगे मानतो, मग महाराजांनी का मानू नयेत? तेव्हापासून खिचडी दोन्ही श्रावणांत होते, आणि नाके मुरडणाऱ्या शेजारणीही दोन्ही वेळा ताटे पुढे करतात.

मंगळवारी डॉक्टर येतात, म्हणून सर्वांच्या अंगावर ठेवणीतले कपडे. गुरुवारी दत्ताची आरती. टाळ चार, गळे पंधरा. शनिवारी मारुतीला तेल. बुधवार-शुक्रवारची हकीकत आम्हांस अद्याप नीटशी कळलेली नाही. बहुधा त्या दिवशी भांडणे होत असावीत.

रविवार मात्र वेगळा. सकाळी वाफवलेले पोहे, वर शेव आणि जिरावण, सोबत जिलेबी. दुपारी चारनंतर फाटकाशी मोटारी थांबू लागतात. ज्यांचे कोणी यावयाचे असते ते बाकांवर येऊन बसतात. ज्यांचे कोणी यावयाचे नसते ते, डोके दुखते असे सांगून खोलीत पडून राहतात.

अशांपैकी एक वृद्धा आत्याबाईंच्या समोरच्या खोलीत आहेत. राहते घर त्यांनी मुलाच्या नावे करून दिले. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. ते प्रकरण न्यायाधिकरणापुढे चालते. हे आम्ही त्यांना उत्साहाने समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पोटच्या मुलाला अट घालून कोण देतं हो?" आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. या वयातील सर्व स्त्रियांनी लिहून देण्यापूर्वी तो कागद एखाद्या जाणत्याकडून वाचून घ्यावा, एवढे मात्र येथे लिहून ठेवतो.

आमच्याकडून कायदा झाला. आत्याबाईंनी पत्ते काढले. रविवारी बरोबर चार वाजता, फाटक दिसणार नाही अशा मागल्या ओसरीवर, मेंढीकोटाचा डाव मांडला जातो. हिंदी भगिनी त्यालाच दहला पकड म्हणतात. नियम एकच : ज्याचे पाहुणे यावयाचे आहेत त्याला डावात जागा नाही. समोरच्या खोलीतील बाई आत्याबाईंच्या भिडू.

हे आम्हांस ठाऊक नव्हते. गेल्या महिन्यात गुरुवार चुकला म्हणून आम्ही सहकुटुंब, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन, रविवारी साडेचारला हजर झालो. निरोप गेला. बराच वेळ कोणी आले नाही. मग आत्याबाई आल्या, पत्ते तसेच हातात धरून.

"तीन दहिल्या आमच्याकडे होत्या," त्या म्हणाल्या. "आता चौथा गडी कुठून आणू? ती उठून खोलीत गेली ना!"

लाडवांचा डबा घेऊन त्यांनी आम्हांला फाटकापर्यंत पोहोचविले. आमची भेट दहा मिनिटांत आटोपली होती. वळता वळता आमच्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, "सूनबाई, रागावू नकोस. पण तुम्ही आपले गुरुवारीच येत जा."