अनामिक कोण करतो?

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये गेलेला मराठी माणूस सहसा दोनच गोष्टींची चौकशी करतो : रेम्ब्रांचे ‘नाइट वॉच’ आणि शिवाजी महाराजांचे चित्र. मीही तेच केले. महाराजांचे चित्र कागदावरील असल्याने ते दालनात नेहमी मांडलेले नसते. मला ते संग्रहालयाच्या सूचीतच पाहावे लागले. या दोन चित्रांविषयी आपल्याकडे भारावून बोलण्याचा एक परिपाठ आहे, आणि त्याला कंटाळलेल्यांसाठी वसाहतवादाच्या निषेधाचा दुसरा परिपाठही तयार आहे. दोहोंतून एक गोष्ट निसटते. संग्रहालय वस्तू जपते त्याचबरोबर नावे देते आणि नावे गाळते. या नावे गाळण्याच्या व्यवहारात आपली लोकसाहित्यसमीक्षा आज त्या युरोपीय संग्रहालयाच्याही मागे आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम ते दोन पुरावे पाहू. ‘नाइट वॉच’ हे १६४२ मधील चित्र. परंतु हे नाव चित्रकाराने दिलेले नाही. रोगणाचा थर काळवंडत गेला, चित्र रात्रीचे वाटू लागले आणि पुढल्या पिढ्यांनी दिवसाच्या प्रसंगाला रात्रीचे नाव चिकटवले. कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉकच्या तुकडीतील अठरा जणांची नावे मात्र चित्रातील एका ढालीवर नंतर लिहिण्यात आली. ज्यांनी वर्गणी भरली त्यांची ही नावे आहेत. उजव्या कडेला ढोल वाजवणारा भाडोत्री होता. त्याचे नाव ढालीवर नाही. महाराजांचे चित्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्याला तयार झालेल्या आणि पुढे विट्सेन या डच अधिकाऱ्याच्या संग्रहात गेलेल्या चित्रसंचातील आहे. चित्रित राजाला नाव आहे, संग्राहकाचे नाव तर संपूर्ण संचालाच मिळाले आहे. चित्रकार तेवढा ‘अज्ञात’. नाव कोणाला मिळते याचा निर्णय कलागुणांवर होत नाही. तो पैसा, सत्ता आणि नोंदवही यांच्या हातात असतो.

हे त्या संग्रहालयाला उशिरा का होईना उमगले. २०२१ मध्ये तेथे गुलामगिरीविषयी जे प्रदर्शन भरले, त्याची रचना दहा व्यक्तींच्या आयुष्यांभोवती केलेली होती. त्यांत रेम्ब्रांने १६३४ मध्ये जिचे व्यक्तिचित्र काढले ती श्रीमंत ऊपयन होती, आणि सुरीनाममधील मळ्यावरून पळून गेलेली सपाली होती. ऊपयनची साक्ष द्यायला चित्र आणि दस्तऐवज आहेत. सपालीची साक्ष तिच्या वंशजांनी तोंडी जपलेल्या कथेत आहे. प्रदर्शनाने ही मौखिक परंपरा ‘लोकमानसाचा आविष्कार’ म्हणून शोभेला मांडली नाही. एका नाव असलेल्या स्त्रीच्या चरित्राचे साधन म्हणून तिचा उपयोग केला. यावरून कोणालाही नैतिक प्रशस्तिपत्र देण्याचा माझा हेतू नाही. श्रीलंकेतून नेलेली कँडीची तोफ परत द्यायला २०२३ साल उजाडावे लागले, हे विसरता येत नाही. परंतु एक पद्धतिशास्त्रीय पाऊल तेथे पडले, एवढे मान्य करावे लागते.

आता घराकडे वळू. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात लोकसाहित्याची लक्षणे शिकवताना ‘अनामिकता’ हे लक्षण आपण हटकून सांगतो. विद्यार्थी ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि पुढे प्रबंधात गृहीत धरतात. परंतु हे लक्षण साहित्याचे आहे की संकलनाचे? १८६६ मध्ये नागपूरला मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचा जो इंग्रजी ग्रंथ छापला गेला, त्यात लिंगोची प्रदीर्घ गोंडी गाथा आहे. ती एका परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेली आहे. ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर कागदपत्रे मागे ठेवून गेलेल्या स्टीफन हिस्लॉपचे नाव आहे, संपादक रिचर्ड टेम्पलचे नाव आहे. ज्याच्या स्मरणात ती गाथा होती त्याचे नाही. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. ठरलेल्या यजमान घराण्यांशी त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असते. अशा समाजात ‘हे कोणी गायिले’ या प्रश्नाला उत्तर नसते, असे कोण म्हणेल? प्रश्न विचारला गेला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे पुढे लक्षण झाले.

यावर आक्षेप येईल की मौखिक रचना समूहाची असते, तिची पाठांतरे अनेक असतात, गायक स्वतः कर्तृत्वाचा दावा करत नाही. आक्षेप वजनदार आहे. गडचिरोलीतील रेला गाणी वर्तुळात, एकमेकांचा हात धरून गायिली जातात. तेथे एकट्या कवीचा शोध घेणे हास्यास्पद ठरेल. पण मग हाच निकष सर्वत्र लावा. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याची आणि इतरांची रचना मिसळलेली आहे, हे संशोधकांनी दाखवूनही आपण ती गाथा अनामिक ठरवत नाही. जनाबाईच्या नाममुद्रेचा तर आपण यथार्थ अभिमान बाळगतो. म्हणजे संतसाहित्यात संशय आला तरी नाव राखायचे, आणि आदिवासी गायनात संशय आला की नाव पुसायचे. एकाच ज्ञानशाखेत दोन न्याय चालतात, आणि त्यांतील भेद वाङ्मयीन नाही. शिवाय समूहालाही नाव असते : गाव असते, साल असते, पहिली ओळ उचलणारी बाई असते.

हा आरोप मी इतरांवर करून मोकळा होऊ शकत नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधात गाणी ‘क्र. १’, ‘क्र. २’ अशी छापली आहेत आणि गाणाऱ्यांची यादी परिशिष्टात ‘माहितीदार’ या शीर्षकाखाली, वय व तालुक्यासह, दिलेली आहे. एटापल्लीकडील एका गावात बांधणी केलेली प्रत मी कौतुकाने दाखवायला नेली. गाणे म्हणणाऱ्या बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, “यात मी कुठे आहे?” मी परिशिष्ट उघडून दाखवले. त्या म्हणाल्या, “आणि गाणं?” ते दोनशे पाने अलीकडे होते. माझ्या प्रबंधाचे इतके नेमके परीक्षण कोणत्याही परीक्षकाने केले नव्हते.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. संहितेच्या माथ्यावर गायकाचे नाव, गाव आणि दिनांक द्यावा. गायकाला तसे नको असेल तर तेही नोंदवावे. संदर्भ देताना संकलकाच्या आधी गायकाचा उल्लेख करावा. ‘माहितीदार’ हा शब्द पोलीस खात्याकडे परत पाठवावा. आणि प्रश्नपत्रिकेत ‘अनामिकता हे लोकसाहित्याचे लक्षण स्पष्ट करा’ असे विचारण्याऐवजी ही अनामिकता कोणी व कशी निर्माण केली, हे विचारावे. चंद्रपुरात अचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. राजांची नावे इतिहासाने राखली. गाणाऱ्यांची नावे राखण्याचे काम आपल्या शाखेचे होते. ढालीवर नावे पुढेही लिहिता येतात, हे आपण ॲम्स्टरडॅमला पाहिलेच आहे. फक्त या वेळी वर्गणीची अट नसावी.