आधी होडी, मग पेटी

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये सुतारकामाचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. हाफ लॅप जॉइंटमध्ये पडलेली फट भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बुजवायची, सरांची सही घ्यायची आणि पुन्हा आयुष्यात रंध्याला हात लावायचा नाही, ही आपली थोर परंपरा. मीही त्यातलाच. पण दिवाळीच्या सुट्टीत आजोळी मालवणला गेलो, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या बघितल्या आणि डोक्यात किडा वळवळला. आपण लाकडी मॉडेल करायचं! आणि तेही साधंसुधं नाही, थेट कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराब!

आता इंजिनिअरिंगचा विद्यार्थी कुठलंही काम कशापासून सुरू करतो? खरेदीपासून. पुस्तकांसाठी घरून आलेले चार हजार रुपये मी हत्यारांवर उडवले. चाळीस नगांची पेटी, हातात धरून चालवायचं छोटं इलेक्ट्रिक ड्रिल, पितळी क्लॅम्प, फळ्या वाकवायचं खास यंत्र. बाबांना फोनवर सांगितलं, ‘प्रोजेक्टचं सामान आहे.’ पेटी आली तेव्हा अख्खी विंग बघायला जमली. दीड महिन्यानंतर त्याच पेटीचा उपयोग चहाचा कप ठेवायला होत होता. होडीचा साधा कणाही तयार नव्हता.

झालं काय? मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणारं ते ड्रिल मऊ लाकडावर टेकवलं की खड्डा, आणि जरा रेंगाळलं की लाकूड काळं. सेटमधल्या चाकूचं पातं बोथट. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावला की पातं निसटतं. माझ्या डाव्या तर्जनीवरचे दोन टाके त्याची साक्ष आहेत.

शेवटी पेटी काखेत मारून वर्कशॉपमधल्या मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, यातलं नक्की काय वापरू?" मामांनी झाकण उघडलं, बंद केलं आणि विचारलं, "तू बनवतोयस काय ते आधी सांग की रे."

माझं आजचं सगळं म्हणणं त्या एका प्रश्नात आहे. हत्यार कामावरून निवडायचं असतं, दुकानाच्या काचेवरून नव्हे.

एक उदाहरण घेऊ. होडीच्या पोटावर पट्ट्या बसवायच्या आहेत. मधल्या फासळीचा घेर भरतो १०० मिलिमीटर, म्हणजे ५ मिलिमीटरच्या २० पट्ट्या लागतात. पण नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, घेर उरतो फक्त ६०. तिथे त्याच २० पट्ट्या बसवायच्या तर प्रत्येक पट्टी निमुळती होत ३ मिलिमीटरवर आली पाहिजे. हे गणित कळलं की हत्यार आपोआप ठरतं. स्टीलची पट्टी, पेन्सिल, धारदार चाकू आणि कडा साफ करायला छोटा रंधा. गणित कळलं नाही तर चाळीस नगांनीसुद्धा पट्टी बसत नाही. ती पुढे उचलली जाते आणि आपण ‘क्लॅम्प कमी पडले’ म्हणून अजून क्लॅम्प आणतो! नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय?

डोलकाठीचंही तसंच. मला वाटायचं, लेथ पाहिजे. मामांनी चौकोनी काडी घेतली, चारही कडा रंधून अष्टकोनी केली, मग त्या आठ कडा मारून सोळा बाजू केल्या आणि पॉलिश पेपरमध्ये धरून फिरवली. दहा मिनिटांत गोल, आणि टोकाकडे हवी तशी निमुळती.

मग विकत काय घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे. जे कापतं, जे मोजतं आणि जे भोक पाडतं, त्यावर पैसे खर्च करा. बदलत्या पात्यांचा एक चांगला चाकू, बारीक दातांची एक करवत, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, बोटांनी फिरवायचं हँड ड्रिल आणि एक मिलिमीटरच्या आसपासची दोन-तीन बिट्स, दोन कानशी. आणि या सगळ्यांच्या आधी धार लावायचा दगड. पटाशी किंवा रंध्याचं पातं २५ ते ३० अंशांत धरून घासायला शिकलात, तर मामांच्या कपाटातली जुनी पटाशीसुद्धा नव्या सेटला भारी पडते. शेवटचा हात जुन्या चामडी पट्ट्यावर मारायचा.

बाकीचं होस्टेलवरच आहे. क्लॅम्पऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबरबँड. फासळ्यांच्या कडांना उतार द्यायला सपाट लाकडाच्या तुकड्यावर चिकटवलेला पॉलिश पेपर, आधी १२० नंबर, मग २२०. पट्टी वाकवायला गरम पाणी आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राचा सोल्डरिंग आयर्न. माझं खास यंत्र तरी दुसरं काय होतं? तापणारी दांडीच!

कुणी म्हणेल, पॉवर टूल्सना एवढी नावं का ठेवतोस? नावं ठेवत नाही. जाड फळीतून दीड मिलिमीटरच्या पट्ट्या काढायच्या तर मशीन लागतंच. पण गोल करवतीचं पातं दरवेळी दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातं, म्हणजे निम्म्याहून जास्त लाकडाचा भुसा होतो. वर्षातून एकदाच्या त्या कामासाठी मशीन घेण्यापेक्षा फर्निचरवाल्याकडून पट्ट्या कापून आणाव्यात. आणि जुन्या लोकांचंच बघायचं तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. ते बांधणाऱ्या सुतारांकडे इलेक्ट्रिक ड्रिल नव्हतं.

आता थोडं आपल्या कॉलेजबद्दल. आपल्या वर्कशॉपमध्ये रंधे आहेत, पटाश्या आहेत, व्हाइस आहेत आणि मामांसारखा शिकवणारा माणूस आहे. फर्स्ट इयरचं सबमिशन संपलं की त्या दारात आपण जात नाही. उलट होस्टेलवर चार रूममध्ये चार पेट्या धूळ खात पडल्यात. माझी सरांना विनंती आहे, की शनिवारी दुपारी दोन तास वर्कशॉप सर्वांसाठी उघडं ठेवावं आणि लायब्ररीत पुस्तक मिळतं तसं कार्डावर हत्यार मिळावं. हत्यारं हरवतील, कुणाला लागेल, ही काळजी मला मान्य आहे. म्हणून तर रजिस्टर असावं आणि मामा समोर असावेत. रूमवर एकट्यानं बोथट चाकू चालवण्यापेक्षा ते नक्कीच सुरक्षित! मी माझी पेटी त्या कपाटाला द्यायला तयार आहे, क्लॅम्पसकट.

गुराब अजून झालेली नाही. पण फूटभर लांबीची, सपाट तळाची एक साधी होडी झाली. मेसमागच्या टाकीत सोडली. तरंगली, जराशी डावीकडे कलून. तिला एकूण सात हत्यारं लागली, त्यातली तीन मामांची. संक्रांतीला घरी गेलो तेव्हा ती बाबांच्या हातात दिली आणि चार हजारांचं काय झालं तेही सांगून टाकलं. बाबांनी होडी उलटी करून तळ बघितला आणि म्हणाले, "पुस्तकं आणलीस का रे नंतर?"

आणली. सेकंडहँड.