चव जिभेची की लेबलची?

नाशिकची सात-आठशेची वाइन चवीला कशी, पैसे वसूल होतात का, ही चर्चा आता आपल्या शिकलेल्या पोरांतही रंगते. आमचा सवाल आहे : ही पारख जिभेची की लेबलची? २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये लेबल झाकून वाइन पारखल्या गेल्या. फ्रेंच जाणकारांनीच कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला. लेबल झाकले आणि घराण्याचा तोरा उतरला! अभिरुचीतून वरचा वर्ग आपले वेगळेपण जपतो, हे समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूने १९७९ मध्येच मांडले.

इथे त्याला जातीची धार आहे. आदिवासीने गाळलेली मोहाची दारू गुन्हा, वस्तीतली देशी व्यसन, आणि काचेच्या पेल्यातली वाइन मात्र संस्कृती! २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती सुपरमार्केटात विकायला मंजुरी दिली, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असेही ऐकवले गेले. मग तिच्यातले १२-१३ टक्के अल्कोहोल काय द्राक्षाचा रस आहे?

१९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यात स्वस्त-महाग असा भेद नाही. मित्रांनो, प्रतिष्ठा पेल्यात शोधू नका. ती पुस्तकात आणि संघटनेत आहे.

जय भीम!