आपली गोळी आजीला नको

चतुर्थीला मोपा विमानतळावर उतरून पेडणे-डिचोलीच्या घरी जाताना बऱ्याच जणांच्या बॅगेत अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप असते. घसा दुखला, पोट बिघडलं की घेतली गोळी!

पण हे अँटिबायोटिक हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला क्षणभर लागतो. औषधाने तो क्षण लांबतो. ईसीजीवर हे 'क्यूटी' अंतर वाढल्याचं दिसतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये तसा इशारा दिला होता. लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांनीही असं होऊ शकतं.

तरुण, निरोगी माणसाला हा धोका अगदी कमी. आजीचं तसं नाही. वय, हृदयाचा जुना आजार, अमिओडॅरोनसारखी गोळी. त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घटलेलं आणि उलटी थांबवायला ऑनडॅन्सेट्रॉन दिलेलं, तर धोका वाढत जातो.

म्हणून आपल्याकडची गोळी तिला देऊ नका. डॉक्टरांना तिची सगळी औषधं दाखवा. गोळ्या चालू असताना छातीत धडधडलं, गरगरलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली तर १०८ लावा. मात्र डॉक्टरांनी दिलेला कोर्स नुसत्या भीतीने मध्येच सोडू नका.