त्रासदायक अर्ज कोणता?

माहितीचा अर्ज आला कीं, 'हा मनुष्य उगीच त्रास देतो' अशी ओरड सातारा-सांगलीकडे कचेऱ्यांतून ऐकूं येते. आम्ही खेड्यांतले मास्तर; गांवकऱ्यांचे अर्ज लिहून देतों, आणि शाळेंत आलेल्या अर्जांना उत्तरेंही देतों. म्हणून दोन्ही बाजूंना दोन शब्द सांगतों.

विलायतेच्या २००० सालच्या कायद्यांत त्रासदायक अर्ज नाकारण्यास १४ वें कलम आहे. आपल्या २००५ च्या कायद्यांत तसें कलम नाहीं. नकार द्यावयाचा तो ८ व्या वा ९ व्या कलमांतील कारणानेंच. काम बेसुमार वाढत असेल, तर ७ (९) प्रमाणें माहिती देण्याची रीत बदलतां येते. माहिती दडपतां येत नाहीं. माणच्या वा जतच्या शेतकऱ्यानें पाटाच्या पाण्याचा हिशेब मागितला, तर 'कशाला हवा?' हें विचारण्याचाही अधिकार साहेबाला नाहीं. साहेबानें अर्ज पाहावा, अर्जदाराचें तोंड पाहूं नये.

पण बंधूंनो, भाऊबंदकीचा सूड उगवण्यासाठीं वीस वर्षांचें दप्तर मागणारा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. अशा ढिगाखालीं एखाद्या विधवेचा रेशनचा अर्ज दबतो. सरसकट मागण्या नकोत, असें सुप्रीम कोर्टानें २०११ सालीं बजावलें. २०१२ सालीं महाराष्ट्रांत नियमच झाला कीं, अर्ज एका विषयाचा व साधारण १५० शब्दांचा असावा.

तेव्हां १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि नेमकें विचारा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास अपील करा. रुमालांत बांधलेलें दप्तर सोडवून घेणें आतां आपल्याच हातीं आहे.