राजाचं नाव कोरून काढलं

‘गोदीत गोण्या उचलणारा तू, राजाच्या दरवाजाचं चित्र कशाला काढतोस?’ दोस्त विचारतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो.

मी गेट वे ऑफ इंडियाचा लिनोकट करतोय. एकच तुकडा, चार रंग. कागदावर जे पांढरं हवं तेवढं आधी कोरायचं. उरलेल्यावर फिका पिवळा लावून सगळ्या प्रती छापायच्या. मग जे पिवळंच राहायला हवं ते कोरायचं आणि त्याच कागदांवर विटकरी दाबायचा. मग राखाडी. शेवटी काळा. दर खेपेला लिनो कमी होत जातो. कोरलेलं परत येत नाही. म्हणून किती प्रती ते पहिल्याच दिवशी ठरवायचं. मी तीस ठरवल्या. आपल्याकडे कुठला प्रेस? पाळी संपली की चमच्याच्या पाठीने घोटत बसतो. कागद केसभर सरकला की बाद. सात गेले.

लिनोवर अक्षरं उलटी कोरावी लागतात. तिथे हात अडला. दरवाजावर राजाराणीचं नाव आहे. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला मुंबईत उतरला तेव्हा हा दरवाजा नव्हताच! उद्‌घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. आराखडा काढणारा जॉर्ज विटेट पुस्तकांत आहे. पिवळा बेसॉल्ट फोडणारे, वाहणारे कुठायत?

आणि १९२४ सालीच, २० जुलैला, याच शहरात बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. शाळेत मास्तरांनी दरवाजाची तारीख घोकून घेतली. सभेची मला चळवळीत आल्यावर कळली.

दोस्तांनो, नुसती पाठ फिरवून दगड हलत नाही. हे शहर आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर चढलं. त्याची चित्रं आपणच काढायची, आपल्या बाजूने. राजाचं नाव मी पहिल्याच फेरीत कोरून काढलं. चारही रंगांत तिथं कोरा कागद. काळ्यासाठी शेवटी राखलं ते कमानीची सावली आणि पाठीवर दगड घेतलेली पाच माणसं.

मोर्च्याच्या पोस्टरला मात्र ही रीत नको. तिथे एकरंगी लिनो कोरा, हजार छापा. ही रीत सावकाश बघायच्या चित्राची. थोड्या प्रती म्हणून गॅलरीवाले भाव चढवतात, ते आपल्याला नको.

उरल्या तेवीस. त्या वस्तीतल्या वाचनालयात, तालमीत, चहाच्या टपरीवर लागतील. खिळे घेऊन या.

जय भीम.