निलंबनाने धावपट्टी रिकामी होत नाही

8 जून 2024. मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीवरून तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान अजून जमिनीवर धावत होते, आणि त्याच्या मागे त्याच पट्टीवर इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान टेकले. चित्रफीत घरोघरी पोहोचली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी लावली, संबंधित हवाई वाहतूक नियंत्रकाला कामावरून बाजूला केले, आणि पाहणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोषी सापडला, विषय मिटला.

माझा आक्षेप त्या निःश्वासाला आहे.

आधी शब्द पाहा. आपण याला ‘धावपट्टीवरील घुसखोरी’ म्हणतो. हा शब्दच पोलिसातल्या फिर्यादीसारखा आहे. कोणीतरी नजर चुकवून आत शिरले असे तो गृहीतच धरतो. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेची व्याख्या मात्र हेतूबद्दल चकार शब्द काढत नाही. उतरण्या-उडण्यासाठी राखलेल्या संरक्षित जागेत विमान, वाहन किंवा माणूस चुकीच्या रीतीने असणे, एवढेच ती म्हणते. (फेब्रुवारी 2024 मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर आलेल्या एका कुत्र्यामुळे बंगळुरूहून आलेल्या विमानाला न उतरताच माघारी जावे लागले. पण या व्याख्येत कुत्रा बसत नाही. जनावरांचा हिशेब वेगळ्या वहीत.) मुंबईत तर दोन्ही विमानांकडे परवानगी होती. परवाना हातात घेऊन आलेल्याला घुसखोर कोणत्या तोंडाने म्हणायचे?

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की, अनुभवी आणि दक्ष माणसे नेमली की हे प्रकार थांबतील. याला उत्तर द्यायला टेनेरिफला जावे लागते. 27 मार्च 1977. लास पाल्मासच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे अनेक विमाने लॉस रोदेओसच्या छोट्या विमानतळावर वळवलेली, त्यात दाट धुके. केएलएमच्या जंबोचा कप्तान फान झांटेन हा कंपनीचा नाणावलेला प्रशिक्षक होता. जंबो कसे उडवायचे हे इतरांना शिकवणारा. त्याच्या सहवैमानिकाने रेडिओवर ‘आम्ही आता टेक-ऑफवर’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि पुढे ‘थांबा, मी सांगतो’ असेही म्हणाला. पण नेमक्या त्याच क्षणी त्याच पट्टीवर असलेले पॅन ॲमचे विमानही रेडिओवर बोलले आणि दोन्ही वाक्ये एका शिट्टीत विरली. पॅन ॲम पट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरने कॉकपिटमध्ये काढलीही. वरिष्ठाने ती झटकली. दोन्ही विमाने आदळली, 583 माणसे मेली. कप्तानाचा अनुभव कमी नव्हता. उलट तो इतका होता की शेजारी बसलेल्यांची शंका तिथेच दबली.

त्या अपघाताने जगाला एक शहाणपण दिले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना, ती परत म्हणून दाखवताना आणि रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’. चांगले झाले. पण 47 वर्षांनी टोकियोत काय घडले? 2 जानेवारी 2024 रोजी हानेदाला जपानी तटरक्षक दलाचे विमान नोटोच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. नियंत्रकाने त्याला ‘नंबर वन’ म्हटले, म्हणजे रांगेत तुझा नंबर पहिला, आणि थांबण्याच्या रेषेपर्यंत जायला सांगितले. वैमानिकाला ती धावपट्टीवर जायची परवानगी वाटली. सुमारे 40 सेकंद ते विमान पट्टीवर उभे होते. मग उतरणारे जपान एअरलाइन्सचे ए350 त्याच्यावर आदळले. प्रवासी विमानातले सर्व 379 जण वाचले, छोट्या विमानातले पाच गेले. एक शब्द नीट केला की दुसरा दगा देतो. शिस्त हवीच, पण शब्द कितीही घासूनपुसून घेतला तरी तो शेवटी ऐकणाऱ्याच्या अपेक्षेच्या चाळणीतूनच आत जातो.

दुसरे म्हणणे यंत्रवाद्यांचे: जमिनीवरचे रडार बसवा, झाले. हानेदाला असे यंत्र होते. पडद्यावर इशारा उमटलाही. पण तो फक्त दिसणारा होता, वाजणारा नव्हता, आणि नियंत्रकाचे लक्ष दुसरीकडे होते. मिलानच्या लिनातेची गत आणखी वाईट. तिथले जुने जमिनीवरचे रडार 1999 मध्ये बंद झाले आणि नवे चालू व्हायचे होते. धावपट्टीत शिरणाऱ्याची चाहूल घेणारी यंत्रणाही नको तेव्हा वाजते म्हणून बंद ठेवलेली. 8 ऑक्टोबर 2001 च्या धुक्यात छोट्या सेसनाला आर5 या मार्गाने जायला सांगितले, ते आर6 वर वळले. वाटेत दिसलेली जमिनीवरची खूण वैमानिकाने प्रामाणिकपणे रेडिओवर सांगितली, पण ती खूण कुठली हे टॉवरमध्ये कुणाला ठाऊकच नव्हते. ते धावपट्टीत शिरले, टक्कर झाली, 118 माणसे गेली. यंत्र आहे असे म्हणून भागत नाही. ते पेटते का, वाजते का, आणि वाजले तर थांबायचे कुणी, हे ठरलेले लागते.

तिसरे म्हणणे सर्वांत लोकप्रिय आहे: शिक्षा. तिच्या बाजूने एवढे मान्य करतो की दारू पिऊन कामावर आलेल्याला किंवा नियम जाणूनबुजून धाब्यावर बसवणाऱ्याला पाठीशी घालण्याचे कारण नाही. पण प्रामाणिक चुकीला निलंबन दिले की पुढचा माणूस आपली चूक सांगत नाही. अमेरिकेने 1976 पासून वैमानिक-नियंत्रकांच्या कबुल्या गोळा करण्याचे काम शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासाकडे दिले आहे, ते याचसाठी. नाव पुसले जाते, चूक उरते.

मग माझे म्हणणे काय? ते मी रेल्वेकडून उसने घेतो. एकेरी मार्गावर जुन्या काळी ड्रायव्हरला गोळा द्यावा लागे. मोठ्या कड्याला अडकवलेल्या पिशवीतला हा टोकनचा गोळा पुढच्या स्टेशनच्या यंत्राने संमती दिल्याशिवाय मागच्या यंत्रातून निघतच नसे. एक बाहेर असेपर्यंत दुसरा नाही. स्टेशन मास्तर पेंगला, विसरला, वैतागला, तरी दोन गाड्यांना एकाच वेळी हक्क मिळत नसे. धावपट्टी हा तर एकेरी मार्गाहून अरुंद मार्ग. तो आजही मुख्यतः तोंडी परवानगीवर चालतो.

विमानाला गोळा देता येत नाही, पण दिवा देता येतो. टॅक्सीवेवर धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत बसवलेली तांबड्या दिव्यांची ओळ असते. ती पेटलेली असताना, कानात कोणी काहीही सांगो, ओलांडायची नाही. हानेदाला ही ओळ त्या दिवसांत दुरुस्तीसाठी बंद होती. पण खरी मेख पुढे आहे. ती चालू असती तरी त्या रात्री पेटली नसती, कारण दिसणे कमी असेल तेव्हाच ती लावायची असा तिथला नियम! जणू उजळ हवेत माणसाचे कान चुकत नाहीत. अमेरिकेतल्या काही मोठ्या विमानतळांवर याच्या पुढची पायरी आहे: रडार पाहून दिवे आपोआप लाल होतात, नियंत्रकाला न विचारता. ते हिरवे कधीच होत नाहीत. परवानगी देणे त्यांचे काम नाही, फक्त अडवणे.

आक्षेप येईल की दिव्यांनी मुंबईचा प्रसंग टळला नसता. बरोबर आहे. तिथे कोणी बाजूने शिरले नव्हते. मागून येणारे आणि पुढे पळणारे यांतले अंतरच कमी पडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने या पट्टीवरची गर्दीच्या तासातली उड्डाणे-अवतरणे 46 वरून 44 वर आणली होती, तीही हवेत घिरट्या घालणाऱ्या विमानांमुळे. 44 म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 82 सेकंद. इथे अडवणारी गोष्ट दिवा नसून सोडलेली मोकळी जागा आहे, आणि तिला कोणी तिकीट लावत नाही. पट्टी लवकर मोकळी व्हावी म्हणून तिरके टॅक्सीवे बांधायला पैसा मिळतो, कारण त्यातून विमाने वाढतात. दोन सेकंद जास्त राखायला मात्र कुठलाही अर्थसंकल्प नसतो.

नियंत्रक आणि वैमानिक यांच्यापलीकडे बघायची आपली तयारी नसते हेही खरे. पुण्याच्या लोहगावात 15 फेब्रुवारी 2020 ला दिल्लीला निघालेल्या विमानासमोर एक जीप आणि एक माणूस आला. वेग तोवर 120 नॉटच्या घरात. वैमानिकाने वेळेआधीच नाक उचलले, शेपटी धावपट्टीला घासली, तरी विमान दिल्लीला पोहोचले. लिमामध्ये 2022 च्या नोव्हेंबरात उड्डाण करणारे विमान सरावासाठी पट्टीवर आलेल्या अग्निशमन बंबावर आदळले. तीन जवान दगावले. जीप चालवणारा आणि बंब चालवणारा, दोघेही आपापल्या कामावरच होते. त्यांच्यासाठी लाल दिव्यांची ओळ लागते, फाटक लागते, आणि आत जाताना टॉवरशी त्याच लहरीवर बोलण्याची सक्ती लागते.

मुंबईच्या टॉवरमधून तो नियंत्रक उठला. त्याच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसले असेल. समोर तीच पट्टी, तोच पडदा, आणि 82 सेकंद.